समाजसेवकाची सनद : कुलाबा जिल्ह्याच्या अनुरोधानें कांहीं विचार

प्रस्तुत लेखाचा मथळा पाहून आमच्या कांहीं वाचकांस असें वाटेल कीं, सनदा, महजर आणि वतनपत्रें ह्यांसाठीं राखलेल्या ह्या पृष्ठांत समाजसेवकाचें काय काम? शंका रास्त आहे. परंतु जो प्रश्न आम्ही प्रत्येक जुन्या कागदास विचारतों, तोच येथेंही विचारावयाचा आहे. कागद हातीं येतांच आपण प्रथम शिक्का पाहतों. हा हुकूम कोणाच्या अधिकारानें निघाला, तो कोणावर चालत होता आणि त्याविरुद्ध दाद कोठें लागत होती, हें ठरल्याशिवाय मजकुराची किंमत ठरत नाहीं. वकिलास सनद लागते, वैद्यास नोंदणी लागते. समाजसेवक हा मात्र असा गृहस्थ आहे कीं, तो परक्या वयस्क मनुष्याच्या घरीं जातो. त्याचें कर्ज, त्याचें व्यसन, त्याचें दुखणें, नवराबायकोंतील तंटा हें सर्व विचारतो. तें लिहून घेतो. आणि कित्येकदां त्या लिहिण्यावरून त्या मनुष्याचें पुढील आयुष्य ठरतें. मूल असेल तर पालकत्वाच्या नात्यानें सरकारास वा समाजास कांहीं हक्क सांगतां येतो. पण वयांत आलेल्या, आपलें बरेंवाईट समजणाऱ्या मनुष्याच्या संसारांत हात घालण्याची सनद ह्या सेवकास कोणीं दिली?

ह्या प्रश्नाचा मागोवा घेण्यास आम्ही जुना कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, निवडला आहे व त्यांतही दृष्टि पेण तालुक्यांतील डोलवी ह्या गांवावर ठेविली आहे. त्यास कारण आहे. आधुनिक महाराष्ट्रांतील समाजसेवेच्या दोन अगदीं भिन्न परंपरा ज्या दोन पुरुषांच्या नांवें सांगतां येतात, ते दोघेही ह्याच जिल्ह्यांत जन्मले. एकाचें जन्मस्थान माणगांव तालुक्यांतील गोरेगांव, दुसऱ्याचें पेण तालुक्यांतीलच गागोदें. आणि ज्या ठिकाणीं आज ह्या दोन्ही परंपरांची कसोटी लागते, तसलें गांव डोलवी आहे.

डोलवी हें मुंबई-गोवा रस्त्यावर, वडखळच्या शेजारीं, धरमतरच्या खाडीलगत वसलेलें आहे. अंबा नदी येथें खाडीस मिळते. भोंवतालची जमीन मूळची खारवट. समुद्राचें पाणी बाहेर ठेवील असा बांध घातला तरच तींत भात होतें. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत ह्या भागांतील शिलोत्री पद्धतीचें वर्णन आलें आहे, तें आमच्या वाचकांस परिचित असेल. शिलोत्रदारानें बाहेरचा बांध राखावा आणि त्याबद्दल कुळांकडून धान्यरूपानें शिलोत्राचा मण घ्यावा, असा तो करार होता. बांधास खांड पडली तर एकाचें नव्हे, सर्वांचें पीक जातें. म्हणून ज्यास सार्वजनिक काम म्हणतात, तें ह्या खारेपाटांत ओळखीचें होतें आणि त्याचा हक्कदार कोण व जबाबदार कोण हें ठरलेलें होतें. शिलोत्रदार मण घेई, पण खांड पडली तर लोक त्याच्याच दारीं जात. पुढें १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्यानें ह्या कामांत सरकारनें आपला हात घातला, तो भाग येथें अप्रस्तुत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ह्याच खाजणाच्या कांठीं पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला. प्रथम तो इस्पात कंपनीचा होता. २०१० च्या अखेरीस जे. एस. डब्ल्यू. समूहाकडे गेला. भाताच्या बांधावरून थेट पोलादाच्या भट्टीपर्यंतचा हा प्रवास एका पिढीच्या आयुष्यांत झाला, आणि अशा प्रवासांत समाजसेवकाची गरज लागते, हें सांगावयास नको.

आतां सनदेकडे वळूं. महाराष्ट्रांत दया, दान आणि सुधारणा ह्यांचीं कामें एकोणिसाव्या शतकांत पुष्कळ झालीं. जोतीराव फुल्यांनीं १८६३ मध्यें पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, प्रार्थना समाजाच्या मंडळींनीं १८७५ मध्यें पंढरपुरास अनाथ अर्भकांसाठीं आश्रय उघडला. पण हीं कामें करणारा मनुष्य आपल्या चरित्राच्या बळावर करी. त्यास कोणी शिकविलें नव्हतें व शिकविण्याची गरज आहे असें कोणास वाटलेंही नव्हतें. सेवा ही शिकावयाची गोष्ट आहे, तिला ठराविक वर्षांची उमेदवारी हवी, हा विचार प्रथम गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीं नियमांच्या रूपानें मांडला. १२ जून १९०५ रोजीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजामागील टेकडीवर भारत सेवक समाजाची स्थापना झाली, तेव्हां सभासदानें घ्यावयाच्या सात शपथांबरोबरच पांच वर्षांच्या शिक्षणाचा नियम घालण्यांत आला. त्यांतील तीन वर्षें पुण्याच्या घरांत अभ्यासाचीं आणि दोन देशांत फिरून पाहण्याचीं. हा सर्व काळ उमेदवारानें पहिल्या सभासदाच्या, म्हणजे खुद्द गोखल्यांच्या, देखरेखीखालीं राहावयाचें. निर्वाहापुरतें समाज देईल तेवढ्यावर संतुष्ट राहून स्वतःसाठीं द्रव्य मिळवावयाचें नाहीं, ही शपथांतील एक बाब होती.

ह्या व्यवस्थेचें मर्म आमच्या मतें असें आहे. येथें सनद देणारी संस्था, आणि सनदेची किंमत म्हणजे सेवकाची स्वतंत्रता. त्यानें स्वतःचें नांव, स्वतःची मिळकत व स्वतःची इच्छा संस्थेकडे गहाण टाकावी, म्हणजे संस्था त्याच्याबद्दल लोकांस जामीन राहील. मठाच्या महंतानें शिष्यास मुद्रा द्यावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, ह्या मठांत अर्थशास्त्र आणि सरकारी अहवाल वाचावे लागत.

हा जामीनकीचा करार सर्वांस मानवणारा नव्हता, ह्याचें प्रसिद्ध उदाहरण १९१५ सालचें आहे. मोहनदास गांधी आफ्रिकेहून परत आले, तेव्हां गोखल्यांची इच्छा त्यांनीं समाजांत यावें अशी होती. त्यांनाही तें हवें होतें. परंतु फेब्रुवारींत गोखले निवर्तले; समाजाच्या सभासदांत ह्या प्रवेशाविषयीं मतभेद आहेत असें दिसून आलें, आणि गांधींनीं आपला अर्ज स्वतःच परत घेतला. वीस वर्षें स्वतःच्या पद्धतीनें काम करून तयार झालेल्या मनुष्यास उमेदवारीच्या चौकटींत बसवितां येत नाहीं, हें दोन्ही पक्षांनीं सभ्यपणें मान्य केलें, इतकाच त्याचा अर्थ.

गोरेगांवचे नारायण मल्हार जोशी ह्यांनीं मात्र ही चौकट पत्करली. जन्म १८७९ चा. डेक्कन कॉलेजांतून १९०१ मध्यें पदवी घेतल्यावर त्यांनीं कांहीं वर्षें शिक्षकी केली व १९०९ मध्यें ते भारत सेवक समाजांत दाखल झाले. त्याच वर्षीं समाजाचेच गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं रमाबाई रानडे ह्यांच्यासह पुण्यास सेवासदन उभें केलें. तेथें प्रौढ स्त्रियांस, विशेषतः विधवांस, शिक्षण देऊन परिचारिकेच्या कामासाठीं ससून रुग्णालयांत तयार करण्याची व्यवस्था झाली. जोशी मुंबईस आले. १९११ मध्यें त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगांवांत काम आरंभिलें. रात्रीच्या शाळा, वाचनालयें, पेट्यांतून चाळीचाळींत फिरणारीं पुस्तकें, सहकारी पतपेढ्या, दवाखाने, गरिबांस कायद्याचा सल्ला, अशीं तीं कामें होतीं. वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, हें बहुतेक सर्व वयस्कांचें काम आहे. गिरणींत जाणारा मनुष्य आमच्या घाटावरचा वा कोंकणांतला कुणबी. तो मुंबईस आला म्हणजे गांवचा पाटील, भाऊबंद, देऊळ हीं सर्व मागें राहत. पुढें उभा असे तो जॉबर आणि पठाण सावकार. ह्या दोहोंच्या मध्यें लीगचा सेवक जाऊन बसला.

सेवकांची संख्या वाढली तशी त्यांस शिकविण्याची अडचणही वाढली. १९२० मध्यें लीगनें स्वयंसेवकांसाठीं अल्प मुदतीचा शिक्षणवर्ग काढला. समाजसेवेचें पद्धतशीर शिक्षण देण्याचा आपल्या देशांतील पहिला प्रयत्न म्हणून त्याचा उल्लेख करण्यांत येतो. येथें एक सूक्ष्म बदल आहे, तो नजरेंतून सुटूं नये. भारत सेवक समाजांत शपथ आधीं आणि शिक्षण मागून. लीगच्या वर्गांत शपथ नाहींच, फक्त शिक्षण आहे. घरदार सांभाळून, नोकरी करून, सायंकाळीं दोन घटका देणाऱ्या मनुष्यासही काम शिकवितां येतें, हें जोश्यांनीं गृहीत धरलें. सनदेंतून संन्यास वगळला गेला.

त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबर रोजीं मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली आणि जोशी तिच्या चालकांत अग्रभागीं होते. आदल्या वर्षीं वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते कामगारांचे प्रतिनिधि म्हणून जाऊन आले होते. वाचनालयापासून संघटनेपर्यंतचा हा मार्ग त्यांना कोणा पुस्तकानें दाखविला नाहीं. पतपेढी कर्ज फेडून देते, पण गिरणींतील पगार तोच राहिला तर कर्ज पुन्हां होतें. हा हिशेब चाळींत बसणाऱ्यास चार वर्षांत कळतो. १९२१ मध्यें विधिमंडळांत कामगार संघांच्या कायद्याची मागणी त्यांनींच मांडली व १९२६ मध्यें तो कायदा झाला. पुढें १९२९ मध्यें नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनचे ते सभासद होते. १९३१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या कमिशनच्या अहवालांत, जॉबरच्या हातांतील नोकरभरती काढून घेऊन कारखान्यांत लेबर ऑफिसर नेमावे अशी शिफारस आहे. ही शिफारस पुढें कोठें जाऊन पोंचली, तें आतां सांगतों.

१९३६ सालीं मुंबईस नागपाडा येथें सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवें समाजकार्याचें पदव्युत्तर विद्यालय निघालें. त्याचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. नागपाड्याच्या वस्तींत शेजारगृह चालवून दहा वर्षांचा अनुभव घेतलेले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यांत वर्गांतील व्याख्यानें आणि वस्तींत किंवा संस्थेंत जाऊन देखरेखीखालीं करावयाचें काम, अशी ती रचना होती. १९४४ मध्यें त्या विद्यालयाचें नांव टाटा सामाजिक विज्ञान संस्था असें झालें. १९४० पासून तेथूनही एक त्रैमासिक निघूं लागलें, हें त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्यास आम्हांस संतोष वाटतो.

ह्या विद्यालयानें सनदेचें स्वरूप पुन्हां बदललें. आतां ती शपथेची नाहीं आणि स्वयंसेवकाच्या हौसेचीही नाहीं; ती प्रमाणपत्राची झाली. सेवा हा धंदा झाला. धंदा ह्या शब्दाचा आपल्याकडे उगाच तिटकारा आहे. वैद्यकीचा धंदा झाल्यानें वैद्य वाईट झाला नाहीं. उलट त्यास जाब विचारतां येऊं लागला. आणि संशोधकाच्या दृष्टीनें ह्या विद्यालयाची मोठी देणगी निराळीच आहे. ती म्हणजे एकेका मनुष्याची स्वतंत्र लेखी हकीकत ठेवण्याची शिस्त. कोण आला, काय म्हणाला, घरीं जाऊन काय दिसलें, काय ठरलें, पुढें काय झालें, हें तारीखवार लिहावयाचें. वरच्या अनुभवी माणसानें तें वाचून शिकाऊ सेवकाच्या चुका दाखवावयाच्या. बखरकार राजांच्या हकीकती लिहीत, येथें आजारी हमालाची लिहिली जाऊं लागली. १९४६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती ह्या देशांतील अशा प्रकारची पहिली होय.

मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या ४९ व्या कलमानें पांचशें किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें मालकावर बंधनकारक केलें. प्रौढ मनुष्याच्या सेवेसाठीं शिकलेल्या सेवकास कायद्यानें मिळालेली ही पहिल्या पंगतीची जागा. लेबर ऑफिसरच्या ज्या शिफारशीच्या मागें गोरेगांवच्या जोश्यांचा हात होता, ती अशा रीतीनें हिंडत हिंडत त्यांच्याच जिल्ह्यांत डोलवीसारख्या कारखान्याच्या दारीं आली. परंतु ह्या जागेंत एक पेंच आहे. ह्या अधिकाऱ्यानें कामगाराचें गाऱ्हाणें मालकाकडे न्यावयाचें. आणि पगार घ्यावयाचा तो मालकाचा. शिलोत्रदार मण घेई तो कुळांकडून, म्हणून कुळें त्यास धरूं शकत. येथें मण एकाकडून आणि बांध दुसऱ्याचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चण्याची जबाबदारी घातली व २०१४ पासून ती अमलांत आली, तेव्हां कारखान्याच्या आंतला हा पेंच कुंपणाबाहेर आसपासच्या गांवांतही आला. ज्याच्या जमिनीबद्दल वा धुराबद्दल तक्रार, त्याच्याच पैशानें काम करणारा सेवक गांवांत येतो. तो प्रामाणिक नसतो असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणाची हमी त्याच्या एकट्याच्या मनावर अवलंबून असते, एवढेंच म्हणतों.

येथें दुसऱ्या पुरुषाकडे वळणें अवश्य आहे. गागोद्यास ११ सप्टेंबर १८९५ रोजीं जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, ह्यांनीं बडोद्यास असतां आपलीं प्रमाणपत्रें चुलींत घातलीं, ही कथा सर्वश्रुत आहे. १९१६ मध्यें परीक्षेसाठीं मुंबईस निघालेले ते सुरतेस गाडी सोडून काशीस गेले आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत गांधींच्या आश्रमांत पोंचले. मुंबईंत विद्यालयाचें प्रमाणपत्र निघण्याच्या वीस वर्षें आधींच पेणच्या ह्या मुलानें प्रमाणपत्राचा प्रश्न आपल्यापुरता निकालांत काढला होता. आम्ही ह्या गोष्टीकडे चमत्कार म्हणून न पाहतां मत म्हणून पाहतों. ज्याच्या घरीं जावयाचें तो दार उघडतो हीच सनद, दुसरी नको, असें तें मत आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांत पोचमपल्लीस रामचंद्र रेड्डी ह्यांनीं शंभर एकर जमीन देऊं केली आणि भूदानास आरंभ झाला. पुढें देशभर दानपत्रें लिहिलीं गेलीं. त्यांची व्यवस्था लावण्यास समित्या आल्या, गांधी निधीचा पैसा आला, प्रांतोप्रांतीं कायदे झाले. विदर्भापुरता १९५३ चा मध्यप्रदेशाचा कायदा होता. पण १९५६ च्या अखेरीस पळनी येथें विनोबांनीं निधिमुक्ति आणि तंत्रमुक्ति जाहीर केली. समित्या मोडल्या, निधीचें वेतन थांबलें. ज्यास काम करावयाचें त्यानें लोकांच्या आधारावर स्वतंत्र करावें. संस्थेवांचून सेवेचा इतका मोठा प्रयोग दुसरा आमच्या माहितींत नाहीं. त्याचें नैतिक मोल कमी करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु दप्तराच्या दृष्टीनें पाहतां ही आपत्ति होती असें आमचें स्पष्ट मत आहे. दानपत्र हा दस्तऐवज आहे. तो मिळाल्यावर मोजणी, फेरफार, वांटप हीं पुढचीं पावलें पडलीं नाहींत तर देणाऱ्याचें पुण्य तेवढें शिल्लक राहतें, घेणाऱ्यास जमीन मिळत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तसेंच झालें. समिती मोडली तरी तिचें गाठोडें कोणीतरी सांभाळावयास हवें होतें.

जोशी आणि विनोबा ह्यांत कोण बरोबर, असा वाद मांडणें व्यर्थ होय. आम्हांस दिसतें तें असें कीं, पुढील काळांत शिकलेला सेवक दोघांचाही वारस निघाला. विद्यालयांतून बाहेर पडून, नोकरी न धरतां, खेड्यांत जाऊन बसलेल्या स्त्रीपुरुषांची एक पिढी १९७५ नंतर महाराष्ट्रांत दिसते. रायगडांत टाटा संस्थेंतून शिकलेल्या उल्का महाजन ह्यांनीं सहकाऱ्यांसह १९९० च्या सुमारास सर्वहारा जन आंदोलन उभें केलें. त्यांचें कार्यक्षेत्र माणगांव व भोंवतालचे तालुके आणि मुख्यतः कातकरी समाज. प्रमाणपत्र आहे आणि मालक नाहीं, असा हा नवा सेवक.

ह्या स्वतंत्र सेवकाचें काम कागदावर कसें उमटतें तें पाहण्यासारखें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं कातकऱ्यास आपल्या जमिनीचा दावा सिद्ध करावयाचा असतो, आणि २००८ च्या नियमांनीं त्यास एकाहून अधिक पुरावे मागितले आहेत. त्या पुराव्यांत दावेदाराव्यतिरिक्त गांवच्या वृद्धांचें लिहून घेतलेलें निवेदन धरलें जातें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं महजर वाचले आहेत त्यांस ह्यांत ओळखीचा चेहरा दिसेल. गोतसभेंत वृद्धांनीं शिव सांगावी, कुळकर्ण्यानें लिहावी, तसाच हा प्रकार. फक्त लेखणी आतां कुळकर्ण्याच्या हातीं नसून समाजसेवकाच्या हातीं आहे. तो काय लिहितो व कसें लिहितो ह्यावर एका कुटुंबाची जमीन अवलंबून असते. त्याचप्रमाणें २१ सप्टेंबर २००८ रोजीं पेण तालुक्यांतील हेटवणे धरणाच्या क्षेत्रांतील बावीस गांवांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रास जमीन द्यावी कीं नाहीं ह्यावर सरकारनें शेतकऱ्यांचें मत घेतलें. त्यापूर्वींच्या सभा, अर्ज, हरकती हे सर्व कागद कोणी लिहिले, हें इतिहासास एक दिवस विचारावेंच लागेल.

उलट बाजूही आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याखालीं पकडलेल्या मनुष्याची चौकशी परिवीक्षा अधिकारी करी आणि त्याचा अहवाल पाहून न्यायाधीश त्या मनुष्यास एक ते तीन वर्षें स्थानबद्ध ठेवूं शके. कांहीं गुन्हा नाहीं, फिर्यादी नाहीं; हात पसरला एवढेंच. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें ८ ऑगस्ट २०१८ च्या निर्णयानें त्या शहरापुरतीं ह्या कायद्याचीं मुख्य कलमें रद्द केलीं. ज्या लेखणीनें कातकऱ्यास जमीन मिळते, तीच लेखणी भिकाऱ्यास कोंडूं शकते. म्हणून सनदेचा प्रश्न शुष्क नाहीं.

इंग्लंडांत २००५ पासून नोंदणी नसलेल्यास समाजसेवक हें नांवच लावतां येत नाहीं. २०१९ पासून तेथें स्वतंत्र नियामक मंडळ आहे, आणि नोकरींत असो वा स्वतंत्र असो, प्रत्येकास आपण वर्षभरांत काय नवें शिकलों ह्याची नोंद दर वर्षीं दाखल करावी लागते. म्हणजे शिक्षण एकदां पांच किंवा दोन वर्षें घेऊन संपत नाहीं. आपल्याकडे अशा परिषदेच्या कायद्याचा मसुदा १९९३ मध्यें तयार झाला, पण कायदा झाला नाहीं. तुकड्यातुकड्यांनीं कांहीं झालें आहे : २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें मनोरुग्णांच्या समाजसेवकाची पात्रता ठरविली, आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानें रुग्णालयीन व मानसोपचारांतील समाजसेवकांस नोंदणीच्या कक्षेंत घेतलें. गांवांत, वस्तींत, कातकरवाडींत स्वतंत्रपणें काम करणारा मात्र ह्या कक्षेबाहेर आहे. आमचें मत विचाराल तर त्यास कक्षेंत ओढण्याची घाई करूं नये. जे हात सरकारच्या किंवा कंपनीच्या विरुद्ध अर्ज लिहितात, त्यांची सनद सरकारच्या एका सहीनें काढून घेतां येईल अशी व्यवस्था धोक्याची आहे. परंतु शिक्षणाची वार्षिक नोंद आणि अनुभवी माणसाकडून कामाची तपासणी, ह्या दोन गोष्टी सेवकांस आपापसांत ठरवितां येतील. त्यांस कायदा लागत नाहीं.

आतां संग्राहकांच्या कामाविषयीं. संस्थेच्या सेवकाचा कागद संस्थेच्या कपाटांत राहतो. भारत सेवक समाजाचे, लीगचे, सेवासदनाचे वार्षिक वृत्तांत छापले गेले आणि ग्रंथालयांत पोंचले. सरकारी सेवकाचा कागद निदान कांहीं वर्षें कचेरींत असतो. स्वतंत्र सेवकाच्या वह्या मात्र त्याच्या घरच्या माळ्यावर असतात. तो गेल्यावर मुलें शहरांत, आणि कोंकणांतील पाऊस व वाळवी ह्यांविषयीं ह्या पृष्ठांच्या वाचकांस नव्यानें कांहीं सांगावयास नको. शिलोत्रदारांचीं घराणीं वतनाच्या लोभानें कागद जपून ठेवीत. ह्या सेवकांच्या वारसांस तसला लोभ नाहीं. त्यामुळें खारेपाटांतील गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास, म्हणजे जमिनी कशा गेल्या, बांध कोणीं सोडले, भट्टीवर कामास कोण गेलें, घरांत काय बिनसलें, हा कारखान्याच्या छापील अहवालांवरून आणि महसुली फेरफारांवरूनच लिहिला जाण्याचा संभव आहे. दोन्ही एकाच बाजूचे कागद होत.

म्हणून पेण, रोहें, माणगांव ह्या तालुक्यांत ज्या संग्राहकांचा वावर आहे त्यांनीं दिवाणांच्या व इनामदारांच्या माळ्यांबरोबर हेही माळे पाहावे, अशी आमची विनंति आहे. मागावयाचें तें असें : दैनंदिनी, वस्तीच्या पाहणीचे तक्ते, अर्जांच्या नकला, वृद्धांचीं निवेदनें, सभांचीं हजेरीपत्रकें, आणि शिकाऊ सेवकांच्या त्या वह्या, ज्यांच्या समासांत वरिष्ठांचे शेरे आहेत. ह्या शेवटच्या प्रकाराकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, पण धंदा कसा शिकविला गेला हें त्यांतच दिसतें. एक पथ्य मात्र पाळलें पाहिजे, आणि तें आमच्या नेहमींच्या संवयीविरुद्ध आहे. तीनशें वर्षांपूर्वींच्या करिन्यांत कोणाची बदनामी असली तरी आपण ती निःशंक छापतों. ह्या वह्यांतील माणसें हयात आहेत. त्यांनीं जें सांगितलें तें सेवकास सांगितलें, संग्राहकास नव्हे. तेव्हां गाठोडें ताब्यांत घेतांना देणाऱ्याशीं किती वर्षें तें बंद राहावयाचें हें लेखी ठरवावें, आणि तोंवर फक्त यादी करावी. यादींत गांव, साल, कामाचा प्रकार आणि कागदांची संख्या इतकेंच लिहावें. माणसांचीं नांवें घेऊं नयेत.